आकडा वाढवण्याआधी टिप बघा: सोल्डरिंग आयर्नचं तापमान आणि टिपची निगा

सोल्डर वितळत नाही म्हणून तापमानाचा नॉब 350 अंशांवरून 400 वर जातो. तरी टिप धरत नाही, मग 450. पंधरा-वीस मिनिटांत टिप काळी ठिक्कर पडते आणि सोल्डर तिच्यावरून अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं घरंगळायला लागतं. जास्त तापलेल्या टिपवर ऑक्साइडचा थर झपाट्याने चढतो. तो थर उष्णता अडवतो आणि सोल्डरला चिकटू देत नाही. जॉइंट तापत नाही, म्हणून माणूस आकडा आणखी वाढवतो आणि थर आणखी जाड होतो. तापमान सांभाळणं आणि टिप स्वच्छ ठेवणं ही दोन कामं वेगळी शिकवली जातात, पण टेबलावर ती एकच असतात. सोल्डर वितळेनासं झालं तर आधी टिपचं टोक बघायचं, नॉबला हात नंतर.

दुकानात कोणी टिप म्हणतं, कोणी बिट. वस्तू तीच.

किती तापवायचं

सुरुवात सोल्डरपासून. 63/37 म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं. हे नेमकं 183 अंश सेल्सिअसला वितळतं आणि तिथेच एकदम गोठतं. 60/40 सोल्डर 183 ते साधारण 190 या पट्ट्यात लगद्यासारखं असतं. तेवढ्या वेळात पार्ट जरासा हलला तर जॉइंट दाणेदार, निस्तेज होतो आणि पुढे ‘ड्राय सोल्डर’ म्हणून परत येतो. दोन्ही मिळत असतील तर 63/37 घ्या, नवशिक्यांनी तर नक्कीच. शिसं नसलेल्या सोल्डरमध्ये दोन प्रकार नेहमी दिसतात. 3 टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असलेलं 217 ते 220 अंशांत वितळतं, तर चांदी नसलेलं, 99.3 टक्के कथील आणि 0.7 टक्के तांब्याचं 227 ला.

टिप यापेक्षा साधारण 150 अंश वर ठेवायची. शिशाच्या सोल्डरला 330 च्या आसपास, बिनशिशाच्याला 365–370. दीडशे अंशांचा हा फरक चैनीसाठी नाही. उष्णता फरकामुळेच वाहते. टिप 200 वर ठेवली तर सोल्डर वितळेल, पण पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) आणि पिन त्या तापमानाला पोचायला वेळ लावतील आणि तोवर उष्णता पार्टच्या पोटात शिरेल. सांभारवडीसारखंच आहे हे. तेल मंद असलं तर वडी तेल पिऊन बसते, आणि धूर निघेपर्यंत तापलं तर बाहेरून करपते, आत कच्ची राहते. इथे करपतो तो फ्लक्स. सोल्डर वायरच्या पोटातली राळ पॅडवरचा ऑक्साइड काढायला असते. 420 वर ती काम करण्याआधीच धूर होऊन उडून जाते आणि मागे कोळसा ठेवते.

लवचिक एलईडी पट्ट्या, बारीक ट्रॅक, प्लॅस्टिकचे कनेक्टर यांना 280 ते 300 पुरे. नेहमीचे बोर्ड 320 ते 340 वर करा. कारखान्यातून बिनशिशाचं सोल्डर लागून आलेले बोर्ड 350 ते 370 वर. जाड वायर किंवा मोठा ग्राउंड (तांब्याचा रुंद पट्टा) असेल तर काही सेकंदांपुरतं 380. चारशेच्या वर जाण्याची वेळ क्वचितच यावी, आणि आलीच तर काम होताच खाली या. चार्जर, रिमोट यांतले तपकिरी फिनॉलिक बोर्ड जपून हाताळा. हिरव्या फायबरग्लास बोर्डापेक्षा त्यांचे पॅड लवकर सुटतात.

एका जॉइंटवर टिप दोन ते तीन सेकंद. पाच सेकंद लागत असतील तर काहीतरी चुकतंय, आणि बहुतेक वेळा ते तापमान नसतं.

टिपच्या आत काय असतं

चांगल्या टिपचा गाभा तांब्याचा असतो, कारण तांबं उष्णता झरझर वाहून नेतं. पण वितळलेल्या कथलात तांबं विरघळतं. म्हणून टोकावर लोखंडाचा पातळ मुलामा चढवतात. लोखंडही विरघळतं, पण फार हळू. टोकामागच्या भागावर क्रोमियमसारखा मुलामा असतो, त्याला सोल्डर चिकटत नाही आणि ते टोकावरच राहतं. म्हणजे ज्या भागाने काम होतं तो लोखंडाचा पापुद्रा आहे. कानस किंवा पॉलिश पेपर मारला की पापुद्रा जातो, तांबं उघडं पडतं आणि काही दिवसांत टोकाला खड्डा पडतो.

साध्या आयर्नमध्ये मुलामा नसलेलं, निव्वळ तांब्याचं बिटही मिळतं. त्याचा न्याय उलटा. ते झिजणारच, खड्डे पडले की थंड करून कानसेने आकार द्यायचा, परत तापवताना लगेच सोल्डर लावायचं. ओळखायला चुंबक लावा. टोकाला घट्ट चिकटला तर लोखंडाचा मुलामा आहे, कानस लांब ठेवा. अजिबात ओढला गेला नाही तर तांबं. मधलंच काहीतरी वाटलं तर मुलामा आहे असंच धरून चाला.

टिपवर सोल्डर लावून ठेवण्याला टिनिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, कल्हई. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकून ऑक्साइड काढतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांना जे लागतं तेच टिपच्या टोकाला लागतं: चकचकीत, सलग, पातळ थर, जो हवा लागू देत नाही. फरक एवढाच की नवसागर टिपला चालत नाही. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती लोखंडी मुलामा खाते आणि शेजारच्या बोर्डालाही सोडत नाही.

साधं 25 वॉटचं आयर्न

पॉलिटेक्निक-इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांचं पहिलं आयर्न बहुधा हेच असतं: नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेलं 25 वॉटचं, सोल्ड्रॉन कंपनीचं किंवा त्यासारखं. त्यात तापमानाचं नियंत्रण नाही. आत तारेचं वेटोळं आहे, वीज दिली की तापत राहतं आणि जेवढी उष्णता हवेत जाते तेवढीच येत असेल तिथे स्थिरावतं. ते ‘तिथे’ कुठे, हे घरातल्या व्होल्टेजवर ठरतं.

गणित सोपं आहे. 230 व्होल्टला 25 वॉट, म्हणजे वेटोळ्याचा रोध सुमारे 2116 ओहम. वॅटेज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. मे महिन्याच्या संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर आणि एसी सुरू असताना व्होल्टेज 200 वर उतरलं तर तेच आयर्न 19 वॉटचं होतं. मध्यरात्री 250 झालं तर साडेएकोणतीस. दीडपट फरक! म्हणून दुपारी छान चालणारं आयर्न संध्याकाळी ‘कमजोर’ वाटतं आणि रात्री टिप काळी करतं. काम सुरू करण्याआधी मल्टिमीटर सॉकेटला लावून आकडा बघायची सवय लावा. मीटर एसी 750 किंवा 600 व्होल्टच्या रेंजवर आहे ना, हे प्रोब घालण्याआधी तपासा.

उपाय दोन आहेत. पहिला स्वस्त: आयर्नच्या फेजमध्ये एक 1एन4007 डायोड आणि त्याला समांतर एक स्विच. स्विच बंद असताना अर्धी लहरच जाते, म्हणजे निम्मी शक्ती, साडेबारा वॉट. टिप कोमट नाही, चांगली गरम राहते, पण जळत नाही. काम सुरू करताना स्विच दाबा, थोड्या वेळात पूर्ण ताप येतो. हा डायोड 1000 व्होल्ट, 1 अँपिअरचा आहे आणि 25 वॉटला जेमतेम 0.11 अँपिअर लागतो, त्यामुळे तो सहज टिकतो.

दुसरा, दिव्याचा ट्रायकवाला डिमर (ट्रायक म्हणजे वीज कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). स्विचबोर्डाच्या प्लॅस्टिक बॉक्समध्ये डिमर आणि तीन पिनी सॉकेट बसवा. सॉकेटला समांतर 15 वॉटचा झिरोचा जुना फिलामेंटवाला बल्ब लावला तर त्याच्या उजेडावरून किती शक्ती जातेय ते एका नजरेत कळतं. एलईडी बल्ब इथे चालणार नाही, तो नीट मंद होत नाही. ही 230 व्होल्टची जोडणी आहे: अर्थची वायर सलग न्या, उघडा जोड एकही नको, आणि बॉक्स लोखंडी घेतलात तर त्यालाही अर्थ द्या.

पण डिमरला तापमान-नियंत्रण समजू नका. टिपने ग्राउंडचा मोठा पॅड ओढला, ती शंभर अंश खाली आली, तरी डिमरला पत्ता नसतो. तो तेवढीच शक्ती देत राहतो. डिमरने फक्त स्टँडवर असतानाचं तापमान आवरतं. बारीक कामाला तेवढं पुरतं. जाड कामाला पुरत नाही.

स्टेशन: डिस्प्लेवरचा आकडा कुणाचा?

स्टेशनमध्ये सेन्सर असतो आणि तापमान घसरलं की तो जास्त शक्ती मागतो. बाजारात दोन जाती भेटतात. एक 936 प्रकारचं स्टेशन, 907 हँडलवालं: आत सिरॅमिक हीटर, त्यावर नळीसारखी चढणारी टिप. दुसरी टी-12: टिप, हीटर आणि थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर) एकाच कांडीत.

907 प्रकारात मुख्य दुखणं म्हणजे हीटर आणि टिपमधली फट. स्वस्त टिपचं भोक अर्धा मिलिमीटर सैल असलं तरी मध्ये हवा राहते, आणि हवा उष्णता नीट नेत नाही. सेन्सर हीटरमध्ये असल्यामुळे डिस्प्ले आरामात 350 दाखवतो, टोक प्रत्यक्षात 290 वर असतं. थंड असताना टिप हीटरवर चढवून बघा: डगडग नको, आणि हीटरचं टोक टिपच्या तळाला टेकायला हवं. आठवड्यातून एकदा टिप काढून आतली काळी भुकटी झटका. नट हातानेच घट्ट करा. पक्कड लावली की सिरॅमिक तडकतं.

मूळ हक्को कंपनीच्या 907 चा हीटर तपासायचा असेल तर प्लग काढा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पाच पिनी कनेक्टरवर रोध मोजा. 4 आणि 5 मध्ये हीटर, 2.5 ते 3.5 ओहम. 1 आणि 2 मध्ये सेन्सर, 43 ते 58 ओहम. 3 नंबरची पिन आणि टिप यांच्यात 2 ओहमपेक्षा कमी. जास्त आला तर अर्थ नीट नाही. हे आकडे 15 ते 25 अंशांच्या खोलीसाठी आहेत. नागपुरात मे महिन्यात खोलीच चाळीसला असते, तेव्हा सेन्सर चार-पाच ओहम जास्त दाखवेल. तो दोष समजू नका. नकली हँडलमध्ये सेन्सरच्या जागी थर्मोकपल असू शकतं, त्याचा रोध एक-दोन ओहम आणि हीटरचा दहाच्या वर भरतो. म्हणून हँडल किंवा हीटर बदलताना जुन्याचा रोध मोजून तशाच जातीचा घ्या. चुकीचा जोडला तर स्टेशन एक तर तापणारच नाही, नाहीतर थांबणारच नाही.

टी-12 मध्ये फटीचा प्रश्न नाही, म्हणून ती दहा-पंधरा सेकंदांत तापते आणि जॉइंटवर कमी घसरते. हिचा रोध सुमारे 8 ओहम. 24 व्होल्टला 72 वॉट मिळतात, लॅपटॉपच्या 19 व्होल्ट अडॅप्टरवर 45, आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवर फक्त 18. ‘टी-12 घेतली पण जोर नाही’ अशी तक्रार आली की आधी अडॅप्टर विचारावा. 24 व्होल्टला निदान 3 अँपिअरचा सप्लाय लावा. तिच्यात थर्मोकपल आणि हीटर एकाच वाटेवर असतात. कंट्रोलर क्षणभर वीज थांबवतो, तापमान वाचतो, पुन्हा वीज देतो. हँडलमधला संपर्क ढिला असला तर वाचन उड्या मारतं. तेव्हा कांडी काढून तिच्या मागच्या कड्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा.

कॅलिब्रेशनला, म्हणजे डिस्प्लेचा आकडा खऱ्या तापमानाशी जुळवायला, टिप थर्मामीटर मिळतो. टिपवर ताजं सोल्डर घेऊन ते सेन्सरच्या छोट्या चकतीवर टेकवायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा आणि स्टेशनवरच्या ‘कॅल’ लिहिलेल्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून जुळवायचं. डिजिटल स्टेशनला हेच मेनूमधून होतं. कोरड्या टिपने मोजलं तर वाचन वीस-तीस अंश कमी येऊ शकतं आणि मग जुळवणीच चुकते.

थर्मामीटर नसेल तर सोल्डरलाच थर्मामीटर करा. 99.3/0.7 ची अर्धा मिलिमीटर जाडीची वायर घ्या, कारण तिचा 227 हा बिंदू स्टेशनच्या रेंजमध्ये येतो. 63/37 चा 183 बहुतेक स्टेशनच्या 200 या तळाखाली जातो. टिप कल्हई करून स्वच्छ पुसा, स्टेशन 260 वर लावा आणि दोन मिनिटं थांबा. वायरचं टोक टेकवा: वितळली तर 5 अंश खाली, पुन्हा एक मिनिट थांबा, पुन्हा टेकवा. जिथे वितळणं थांबलं तो आकडा आणि 227 यांतला फरक म्हणजे तुमच्या स्टेशनची चूक. वायर स्वतःही थोडी उष्णता खाते, त्यामुळे चार-पाच अंशांची सूट द्या. ही चूक 350 ला तेवढीच असेल असं नाही, पण स्टेशन पन्नास अंश खोटं बोलतंय की पाच, एवढं नक्की कळतं.

एक जॉइंट, जवळून

इन्व्हर्टरच्या बोर्डावरची रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) पिन घेऊ. जाड पिन, रुंद ट्रॅक, कारखान्याचं बिनशिशाचं सोल्डर. हातात सुईसारखी टोकदार टिप असेल तर इथेच सगळं फसतं. सुईचं टोक टिंबाएवढं, पिनला लागतं तेही टिंबाएवढं. डिस्प्ले 350 दाखवतो आणि तो खोटाही नसतो, सेन्सरपाशी 350 आहेच. पण टोकाच्या बारीक मानेतून उष्णता पुढे सरकत नाही. आकडा 420 केला तर मान तेवढीच बारीक राहते, फक्त टिप जळते. छिन्नीसारखी 2.4 मिलिमीटरची टिप लावा (2.4डी किंवा डी24 म्हणून मागा). पाठीमागे जाड, पुढे सपाट. याच्यापेक्षा जाड कामाला 3.2, आणि आयसीच्या ओळी ओढायला चाकूसारखी के टिप.

आता स्टेशन 350 वर. टिप पितळी किसात एकदा खुपसून काढा. ती चांदीसारखी दिसेल. टोकावर 63/37 चा दाणा घ्या, जिऱ्याएवढा. हा दाणा म्हणजे पूल आहे: कोरडी धातू कोरड्या धातूला काही ठिपक्यांवरच टेकते, द्रव सोल्डर मध्ये आलं की सगळी सपाटी लागते. सपाट बाजू पिन आणि पॅड दोन्हींना एकदम लागेल अशी धरा. पहिल्या सेकंदात जुनं सोल्डर मंदच राहील, कडेने किंचित चमकेल. दुसऱ्या सेकंदात चमक पिनभोवती फिरते आणि सगळा ढिगारा अचानक बसतो, जसं वर फुगलेलं दूध खाली जावं. आता समोरच्या बाजूने, टिपला न लावता पिनला, थोडी वायर द्या. नव्या शिशामुळे मिश्रणाचा वितळबिंदू खाली येतो आणि काम सोपं होतं. आधी वायर काढा, मग टिप. पूर्ण गोठेपर्यंत रिले हलवू नका.

चार सेकंदांत चमक फिरली नाही तर टिप उचला. पहिला संशय टोकावर, मग टिपच्या आकारावर, मग फ्लक्सवर. तापमान शेवटी, आणि तेही वीस अंशांनीच.

आणखी एक शत्रू तुमच्या पाठीशी असतो: कूलर. खोलीचं तापमान 12 आहे की 44 याने 340 च्या टिपला विशेष फरक पडत नाही, पण कूलरचा झोत थेट टेबलावर असेल तर बारीक टिप आणि बोर्ड दोन्ही सतत थंड होतात. झोत वळवा. धूर तोंडावर येऊ नये म्हणून छोटा पंखा हवाच, तो बोर्डाकडून हवा ओढून खिडकीकडे नेणारा ठेवा.

पुसायचं कशाने, केव्हा

सोल्डर करण्याच्या आधी पुसा, नंतर नाही. बहुतेक टिपा या एका उलट सवयीने मरतात: जॉइंट झाला, टिप चकाचक पुसली, स्टँडवर ठेवली. उघडं गरम लोखंड हवेत, पाच मिनिटं. स्टँडवर ठेवताना टोकावर सोल्डर असलंच पाहिजे. ते ऑक्सिडाइज होईल, आणि पुढच्या वेळी पुसताना तीच घाण निघून जाईल.

ओल्या स्पंजपेक्षा पितळी कीस बरा. स्पंजवर टिप एकदम थंड होते आणि लगेच पुन्हा तापते; या झटक्यांनी मुलाम्याला बारीक भेगा पडतात. पितळ लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. पण भांड्यांच्या दुकानातली सोनेरी घासणी आणताना चुंबक सोबत न्या. चिकटली तर ते रंगवलेलं स्टील आहे, मुलामा खरवडेल. किसात टिप दोनतीनदा खुपसा, रगडू नका. दर काही दिवसांनी डबी उलटी करून खालचे सोल्डरचे दाणे झटका.

स्पंजच वापरायचा तर सेल्युलोजचा, जो कोरडा असताना पुठ्ठ्यासारखा चपटा असतो आणि पाणी पडताच फुगतो. भांडी घासायचा पिवळा फोम टिपवर वितळून चिकटतो, आणि तो डाग सुटता सुटत नाही. स्पंज भिजवून पिळा. बोटाने दाबल्यावर ओल दिसावी, थेंब पडू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात, कोरड्या हवेत, तो तासाभरात वाळतो आणि वाळलेला स्पंज जळून टोकावर काळा पापुद्रा ठेवतो. पाणी डिस्टिल्ड घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी घरात कॅन असतोच. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार टिपवर पांढरे बसतात आणि तिथे सोल्डर धरत नाही.

टिप फ्लक्स पेस्टच्या डबीत बुडवायची सवय सोडा. फस्सकन धूर निघतो, क्षणभर टोक चमकतं, म्हणून खरं वाटतं. काही पेस्टमध्ये झिंक क्लोराइड असतं, ते पत्र्याच्या कामाचं. मुलामा आणि बोर्डाचे ट्रॅक दोन्ही खातं. राळेची पेस्ट जॉइंटला लावा, टिपला नको.

काळी टिप परत आणणं

काळं तीन प्रकारचं असतं. जळलेला फ्लक्स तपकिरी-काळा, खपलीसारखा, किसात फिरवला की उडतो. ऑक्साइड राखाडी-निळसर काळा, गुळगुळीत, आणि सोल्डर त्यावर गोळी होऊन पळतं. हा वाचवता येतो. तिसऱ्यात टोकाला खड्डा किंवा तांबूस ठिपका दिसतो. ती टिप गेली, वेळ घालवू नका.

ऑक्साइडवाल्या टिपसाठी:

1. तापमान आधी 250 वर आणा. 350 वर सफाई करताना काढता त्यापेक्षा वेगाने नवा थर चढतो.
2. पितळी किसात सात-आठदा खुपसा, प्रत्येक वेळी टिप थोडी फिरवून.
3. 1 मिलिमीटरची राळवाली वायर टोकाभोवती गुंडाळल्यासारखी वितळवा, भरपूर. पुसा. पाच-सहा वेळा हेच. वापरलेल्या सोल्डर विकच्या (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीच्या) पट्टीवर सोल्डर आणि थोडा फ्लक्स घेऊन टोक हलकं घासलं तर जास्त लवकर होतं.
4. तरी ठिपके राहिले तर टिप टिनर. ही छोटी डबी असते, आत सोल्डरची भुकटी आणि अमोनियम फॉस्फेटसारखं रसायन. 300 वर टिप त्यात दोन-तीन सेकंद फिरवा, किसात पुसा, लगेच ताजं सोल्डर लावा. टिनर टोकावर ठेवून देऊ नका, तो स्वतः मुलामा खातो. रोजचं औषध म्हणूनही नको. आठवड्याला दोनदा लागत असेल तर तापमान किंवा सवय चुकतेय.
5. शेवटचा उपाय, टिप पूर्ण थंड करून शाई खोडायच्या कडक रबराने हलके घासणे. धातू चमकताच थांबा, आयर्न सुरू करा आणि वितळण्याच्या पहिल्या क्षणापासून वायर टोकाला लावून ठेवा.

नवी टिप लावतानाही हीच पाचव्या पायरीची शेवटची ओळ पाळा. तापत असतानाच, 200 पार होताच, सोल्डर द्या. कोरडी टिप आधी 350 पर्यंत तापू दिली तर ती पहिल्याच दिवशी अर्धी वाया जाते.

काम थांबवून चहाला जायचं असेल तर स्टेशन 200 वर आणा. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर बंदच. टी-12 च्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये हँडल हललं नाही की झोपण्याची सोय असते, ती 5 मिनिटांवर लावून ठेवा. दिवस संपताना 250 वर आणून पुसा, टोकावर शिशाच्या सोल्डरचा जाडसर थेंब चढवा आणि न पुसता बंद करा. सकाळी तो थेंब पुसला की खाली चांदी दिसते. बिनशिशाचं काम करणाऱ्यांना टिपवर शिसं मिसळलेलं चालत असेल तर त्यांनीही हा शेवटचा थेंब 63/37 चा द्यावा; चालत नसेल तर त्यांच्याच सोल्डरचा.

शिसं हाताला लागतं, धुरात ते जवळपास नसतं. धूर राळेचा, आणि त्याने दमा असणाऱ्यांना त्रास होतो. टेबलावरून उठून संत्रं सोलण्याआधी हात साबणाने धुवा. किसाच्या डबीतली भुकटी केरात टाकू नका, वेगळ्या बाटलीत साठवून ई-कचऱ्यासोबत द्या.